सुताराचा हात आणि घासण्याचे यंत्र



कर्जत तालुक्यातल्या एका शाळेचे जुने बाक दुरुस्त करायचे निघाले, आणि त्या निमित्ताने माझे एका सुतारकाकांकडे जाणे-येणे सुरू झाले. कर्जत आणि खालापूर या बाजूला गेल्या काही वर्षांत शहरातल्या लोकांची शेतघरे बरीच उठली. दारे, पलंग, झोपाळे यांची कामे त्यामुळे निघाली, आणि गिऱ्हाईक आता आरशासारखी गुळगुळीत फळी मागू लागले आहे.

एक दिवस काकांनी चहाचा कप दोन्ही हातांनी धरलेला मी पाहिला. सहज विचारलं, तर म्हणाले, "सर, बोटांना मुंग्या येतात. सकाळी सदऱ्याची बटणं लागत नाहीत. घरची मंडळी लावून देते." आणि हसले. ज्या माणसाला रंध्याखालची फळी नुसत्या बोटाने चाचपून उंचसखल कळते, त्याची ही गत!

मुंग्यांना कारणे अनेक असतात, मधुमेह हे त्यातलेच एक. म्हणून आधी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. साखर ठीक निघाली. मग डॉक्टरांनी विचारलं, "काम काय करता?" तिथे उलगडा झाला. काका ग्राइंडरलाच घासायची चकती लावून रोज चार-चार तास फळ्या घासत होते.

यंत्राच्या कंपाने हात बिघडतो ही गोष्ट नवी नाही. अमेरिकेत इंडियाना प्रांतातल्या बेडफर्ड येथे चुनखडीचा दगड घडवणाऱ्या कामगारांची पाहणी डॉ. ॲलिस हॅमिल्टन या बाईंनी १९१८ साली केली. हवेच्या दाबावर चालणारे हातोडे वापरणाऱ्यांची बोटे थंडीत पांढरीफटक पडत, बधिर होत. आपल्याकडे एक फसगत आहे. उष्ण हवेच्या देशांत बोटे पांढरी पडण्याचे प्रमाण कमी दिसते. मुंग्या आणि बधिरपणा मात्र येतो. त्यामुळे माणूस "वय झालं" म्हणून सोडून देतो. आणि मज्जातंतूंना एकदा इजा झाली की ती पुरती भरून येईलच असे नाही.

तेव्हा काकांसाठी दुसरे यंत्र पाहायचे ठरले. बाजारात याला रँडम ऑर्बिटल सँडर म्हणतात. नाव अवघड, पण तत्त्व सोपे. मुलांना भोवरा दाखवा. तो स्वतःभोवती फिरतो आणि फिरता फिरता त्याची आर जमिनीवर लहान लहान वर्तुळेही काढते. या यंत्राची गोल गादी तशीच, स्वतःभोवती फिरते आणि शिवाय दोन ते पाच मिलिमीटरांच्या फेऱ्यात डुलते. कागदाचा प्रत्येक कण दर वेळी नव्या वाटेने जातो, म्हणून लाकडावर एकसारखे ओरखडे उठत नाहीत. पण डुलणारी वस्तू धक्के देणारच. ते सावरण्यासाठी आत एक वजन उलट बाजूला बसवलेले असते. ते वजन आणि गादी यांचा मेळ जितका चांगला, तितका हाताला कंप कमी.

मग चांगले यंत्र ओळखायचे कसे? दुकानदार वॉट सांगतो, फेरे सांगतो, फुकटचे दहा कागद दाखवतो. कंपाचे कोणी बोलत नाही. तो आकडा खोक्यातल्या पुस्तिकेत मागच्या पानांवर, बारीक अक्षरांत असतो. "मीटर प्रति सेकंद वर्ग" या मापात तो दिलेला असतो आणि शेजारी 'के' अक्षरापुढे आणखी एक लहान आकडा असतो. तो अनिश्चिततेचा, आपण मुकाट्याने पहिल्यात मिळवावा. युरोपीय संघाने २००२ साली नियम केला की आठ तासांच्या दिवसाचा हिशेब धरून कंप अडीचच्या वर गेला तर मालकाने उपाय योजावेत, आणि पाचच्या वर जाऊच देऊ नये.

इथे शिक्षक मित्रांना वर्गात सांगण्याजोगे एक गणित आहे. कंप दुप्पट झाला तर वेळ निम्मा होत नाही, चौथाई होतो. अडीच कंपाचे यंत्र आठ तास धरले, पाचचे दोन तास धरले किंवा दहाचे अर्धा तास धरले, तरी हाताला मार सारखाच. म्हणजे समजा एका यंत्राचा आकडा साडेतीन आहे आणि दुसऱ्याचा सात, तर पहिल्यावर चार तास काम होईल, दुसऱ्यावर एक. हजार रुपये वाचवून आपण तीन तास गमावतो. प्रत्यक्ष कामात कंप छापील आकड्याहून बहुधा जास्तच भरतो, हेही ध्यानात असू द्यावे.

आम्ही खोपोलीच्या बाजारात गेलो. सर्वांत स्वस्त यंत्राच्या पुस्तिकेत कंपाचा आकडाच नव्हता. ते आम्ही परत ठेवले. नंतर काकांनी उरलेली यंत्रे एकेक चालू करून हातात धरली, आणि खरे सांगतो, त्यांचा हात माझ्या पुस्तिकेइतकाच बरोबर निघाला. गादी पाच इंची घ्यावी. फेरा अडीच मिलिमीटरांच्या आसपास असावा. मोठा फेरा लाकूड लवकर खातो, पण बहुधा हादरतोही जास्त. गती कमी-जास्त करण्याचे चाक हवेच. यंत्र उचलून धरले की गादी संथ फिरली पाहिजे. भिंगरीसारखी सुटली तर आतली आवरणारी कडी नीट नाही, आणि ते फळीला खड्डा पाडणार. कार्बन आणि नवी गादी जवळपास मिळते का, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे.

वीस हजारांची बिनहादऱ्याची यंत्रे आमच्यासाठी नव्हती. काकांनी मधल्या किमतीचे घेतले. हातात पैसा नसेल त्याने २०२३ साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेची चौकशी करावी. त्यातल्या अठरा व्यवसायांत सुतारकाम आहे, आणि अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंतची मदत तीत ठेवलेली आहे.

यंत्र चांगले घेऊनही वाईट वापरता येते. काका पहिल्या दिवशी सवयीने जोर देऊन दाबू लागले. गादी फिरायची थांबली, नुसती थरथरली, आणि तो सगळा कंप मनगटात गेला. यंत्राचे स्वतःचे वजन पुरते, वरून हात नुसता ठेवावा. कागद मध्यावर आणि भोकाला भोक जुळवून लावावा, कारण वाकडा कागद तोल घालवतो. गादी फाटली तर त्याच यंत्राची आणावी. दुसरी जड गादी लावली की आतल्या वजनाचा मेळ बिघडतो. हातमोज्यांवर फार विसंबू नये. धुळीची पिशवी मात्र काढून ठेवू नये आणि नाकाला चांगला मास्क लावावा. लाकडाची धूळ माणसाला कर्करोगकारक असल्याची नोंद जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच केली आहे. सागाच्या धुळीने अंगाला खाज सुटते, हे तर आपल्या सुतारांना केव्हाचेच ठाऊक.

काकांच्या मुंग्या गेल्या का? कमी झाल्या, गेल्या नाहीत. डॉक्टरांनी दर सहा महिन्यांनी दाखवायला सांगितलं आहे. गेल्या शनिवारी शाळेचे शेवटचे दोन बाक आणायला गेलो, तेव्हा कारखान्याच्या दारावर पेन्सिलीने रोजचा हिशेब लिहिलेला दिसला: सोमवार दीड तास, मंगळवार एक तास, शनिवार पाऊण तास. यंत्र खुंटीला होतं, आणि काका शिवणीच्या पाटाला हातानेच काचकागद मारत बसले होते.