मोसमाआधीची फेरी

शर्यत कोणालाही बघता येते. पण शर्यत नसताना नुसत्या फिरणाऱ्या गाड्या तिकीट काढून बघायच्या, ही कल्पना काही माझ्या पचनी पडत नव्हती.

२०२५ च्या फेब्रुवारीत मी बहरीनला भाच्याकडे गेलो होतो. २८ तारखेला शुक्रवार, त्याला सुटी. दुसऱ्या दिवसापासून रमजान. "मामू, आजच जाऊन येऊ," म्हणत त्यानं मला साखीरच्या ट्रॅकवर नेलं. तिथं फॉर्म्युला वनच्या दहा संघांची नव्या मोसमाआधीची चाचणी चालली होती. सगळे मिळून तीनच दिवस, आणि एका संघाची एका वेळी एकच गाडी बाहेर. दोन चालकांनी ती वाटून घ्यायची. गाडी कानठळ्या बसवत यायची, दोन-चार फेऱ्या मारून आत जायची, ती लवकर बाहेर येईचना. मला जांभया येऊ लागल्या.

मग भाच्यानं समजावलं. चाचणीत गाडीला कधी जाळीसारखी चौकट बांधतात, हवा कशी वाहते ते मोजायला. कधी अंगावर हिरवा पातळ रंग फवारतात. त्याचे ओघळ हवेची वाट दाखवतात. आणि वेग? त्यावर विश्वास ठेवायचा नाही. टाकीत दहा किलो इंधन जास्त असलं तर फेरीला साधारण तीन दशांश सेकंद जास्त लागतात, आणि कोणाच्या टाकीत किती, हे कोणी सांगत नाही. त्या तीन दिवसांत सर्वांत वेगवान फेरी विल्यम्सच्या कार्लोस साइन्झची होती. वर्षाअखेर जगज्जेता झाला मॅक्लारेनचा लँडो नॉरिस.

"मग बघायचं काय?"

"कोण किती वेळा आत जातंय ते," भाचा म्हणाला. "आत्ता बिघडली तर बरंच."

आपल्या नारायण कार्तिकेयनची गोष्टही त्यानंच सांगितली. २०१२ साली त्याच्या एचआरटी संघाची नवी गाडी मोसमाआधीच्या चाचण्यांना वेळेत तयारच झाली नाही. मेलबर्नच्या पहिल्या शर्यतीत पात्रतेसाठी लागणारा वेळ संघाच्या दोन्ही गाड्यांना गाठता आला नाही. शर्यत सुरू झाली, हे बाहेर.

हे ऐकलं आणि मला राजिवड्याचे माझे मामू आठवले. ते तांडेल होते. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा. पावसाळाभर बोट वर ओढलेली, लाकूडकाम झालं, रंग झाला, इंजिन उघडून पुन्हा बसवलं. किनाऱ्यावर ते सुरू करून बघितलं, धडधड ऐकली, आणि मामू खूश. शेजारच्या बोटी निघाल्या होत्या. पाण्यात फेरी मारून बघायला अर्धा तास कोण घालवणार? खाडीच्या तोंडाशी, जिथं गाळ साचून लाटा फुटतात, तिथंच इंजिन तापून बंद पडलं. थंड करणारं पाणी पंप ओढतच नव्हता. लाटेनं बोट आडवी केली. माणसं पोहून आली, बोट मात्र फुटली. मामूंनी पुढची सगळी वर्षं दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून काढली. ते घरी याबद्दल कधी बोलले नाहीत. मामीनं मात्र तो अर्धा तास शेवटपर्यंत मोजला.

बहरीनहून आल्यावर त्याच जुलैच्या अखेरीस मी मांडवीच्या जेटीवर जाऊन बसलो. १ जूनपासूनची बंदी ३१ जुलैला संपणार, म्हणून बोटी चाचणीला निघत होत्या. पूर्वी मला त्या नुसत्या येरझाऱ्या वाटायच्या. (आम्ही कवी लोक तर चाचणीशिवायच मैफलीत उतरतो, बुडतो तेव्हा फक्त ऐकणाऱ्यांचे हाल होतात.) आता मी धुराचा रंग बघत होतो. बाजूनं पाणी बाहेर पडतंय का, ते बघत होतो.

एक बोट दीपगृहाच्या दिशेनं निघाली आणि थोड्याच वेळात वळली. काळा धूर ओकत, हळूहळू. तरुण तांडेल वैतागून इंजिनाकडे हात करत काहीतरी ओरडत होता. माझ्या शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या दर्यावर्दीनं विडी विझवली. "आली का परत? बरं झालं," तो म्हणाला आणि मिरकरवाड्याकडे मेकॅनिक शोधायला स्वतःच उठून चालू लागला.