आंबो कोणाची वाट बघणा नाय

आज पदवी घेणाऱ्या माझ्या मुलामुलींनो,

मी देवगडकडच्या मिठबावचा. गजबादेवीच्या टेकडीवर उभं राहून क्षितिजावरची जहाजं मोजणं हा आमचा लहानपणचा खेळ होता. जहाजं जगाला जाताना दिसायची, पण आमच्या बागेतला हापूस काही त्यांच्यात चढायचा नाही. तो पेटीत पेंढ्यावर बसून घाट चढायचा, रात्रभर ट्रकातून मुंबईला जायचा आणि परदेशी जायचाच असेल तर तिथून पुढे जायचा. समुद्र दारात असूनही आमची समुद्रवाट चारशे किलोमीटर लांबून सुरू होते, हे मला तेव्हापासून खटकत आलंय.

पुढे मीही त्याच वाटेनं मुंबईला गेलो आणि एका क्लिअरिंग एजंटकडे कारकून म्हणून लागलो. काम साधं होतं. शिपिंग बिल भरायचं, शिक्के मारून आणायचे, माल चढला की सही घ्यायची. पहिल्याच हंगामात माझ्या हातून एका बिलावर पेट्यांचा एक आकडा चुकला. कागद दुरुस्त होऊन येईपर्यंत विमान गेलं होतं. दुसऱ्या विमानात जागा मिळेपर्यंत निम्मा माल मऊ झाला आणि मिळेल त्या भावाला बाजारात गेला. घाबरत घाबरत मी बाबांना पत्र लिहिलं. उत्तरात एकच ओळ आली: "आंबो कोणाची वाट बघणा नाय रे, माणसानच त्याची वाट बघूक होयी."

चाळीस वर्षं मालवाहतुकीत काढल्यावर मला कळलंय, की या सगळ्या धंद्याचं शास्त्र त्या ओळीत होतं. नियम बदलला, वाट बदलली, भाडं वाढलं, की कोणाला तरी खर्च बसतो. तो कायद्यानं कोणावर आहे, हे करारात लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात तो जो थांबू शकत नाही त्याच्यावर येऊन पडतो. जहाज कंपनी जादा भाडं लावते, व्यापारी ते भावातून कापतो, आडत्या मागे सरकवतो आणि शेवटी बिल बागेत येऊन थांबतं, कारण बागेच्या पुढे ढकलायला कोणी नसतं.

हे तुम्हाला तीन गोष्टींतून सांगतो.

पहिली वाटेची. 1869 साली सुवेझ कालवा उघडला आणि मुंबई ते लंडन हे अंतर चार हजारांहून जास्त सागरी मैलांनी कमी झालं. आपल्या पणजोबांच्या पिढीपासून सगळं जग ही वाट गृहीत धरून चाललं. 2021च्या मार्चमध्ये ‘एव्हर गिव्हन’ नावाचं एकच जहाज त्या कालव्यात आडवं रुतलं आणि सहा दिवस वाहतूक बंद पडली. नोव्हेंबर 2023पासून येमेनच्या हूथींनी लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले. मग मोठ्या कंपन्यांनी सुवेझ सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. म्हणजे दीडशे वर्षांनी जहाजं पुन्हा वास्को द गामाच्या वाटेला लागली. युरोपच्या एका फेरीला दहा ते चौदा दिवस जास्त लागू लागले. जहाजं तेवढीच आणि फेऱ्या लांबलेल्या, म्हणून रिकामे कंटेनर वेळेवर परतेनात. इंधन वाढलं, युद्धजोखमीचा विमा वाढला. लोखंडाला चौदा दिवसांनी काही होत नाही. पण आंब्याला, द्राक्षाला, मासळीला चौदा दिवस म्हणजे उरलेलं आयुष्य.

आणि हे झालं कधी? 2022च्या जूनमध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रक्रियेनं टिकाऊ केलेला आंबा समुद्रमार्गे पंचवीस दिवसांत अमेरिकेत पोचवून दाखवला होता. विमानाच्या भाड्यातून सुटण्याची वाट कुठे दिसली होती, तर पुढच्याच वर्षी लाल समुद्र पेटला.

दुसरी गोष्ट कागदाची. 1989पासून अमेरिकेत भारतीय आंब्याला दार बंद होतं. ते 2007मध्ये उघडलं, बदल्यात हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलींना आपण आपलं दार उघडलं. अट एक होती. किडीच्या भीतीपोटी प्रत्येक फळ किमान 400 ग्रे विकिरणातून जायला हवं. युरोपनं 1 मे 2014 रोजी, म्हणजे ऐन हंगामात, फळमाशीमुळे आपला आंबा बंद केला. सोबत वांगं, कारलं, पडवळ आणि अळूही गेलं. 2015च्या सुरुवातीला आंब्याची बंदी उठली, पण गेलेला हंगाम परत आला नाही. आता युरोपला जाणारं फळ सहसा 48 अंश गरम पाण्यात तासभर बुडवतात. आणि 2025च्या मे महिन्यात आंब्याच्या पंधरा खेपा अमेरिकेच्या विमानतळांवरून नाकारल्या गेल्या. विकिरणाच्या कागदपत्रांत चूक असल्याचं कारण दिलं गेलं. माल परत आणायचा खर्च मालापेक्षा मोठा, म्हणून आंबा तिथंच नष्ट करावा लागला. ती बातमी वाचताना मला माझा चुकलेला आकडा आठवला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेनं आपल्या बऱ्याच मालावरचं जादा शुल्क पन्नास टक्क्यांवर नेलं. त्या आदेशातलं एक कलम फार थोड्यांनी वाचलं असेल. 27 ऑगस्टपूर्वी जहाजात चढलेला आणि 17 सप्टेंबरपूर्वी अमेरिकेत उतरवून घेतलेला माल वाढीव पंचवीस टक्क्यांतून सुटणार होता. सवलत दिसायला छान. पण आफ्रिकेला वळसा घालून न्यूयॉर्कला जाणाऱ्या जहाजाला तीन आठवडे पुरतच नाहीत. एक नियम वॉशिंग्टनमध्ये बदलला, एक वाट लाल समुद्रात बंद झाली, आणि दोहोंची गाठ कोळंबीच्या एका कंटेनरवर पडली. नियम आणि वाट वेगवेगळे शिकू नका. ते नेहमी एकत्र येतात.

तिसरी गोष्ट आपल्याच किनाऱ्याची. मिठबावशेजारच्या तांबळडेगच्या पुळणीवर कासवं अंडी घालायला येतात. कासव आपल्याकडे देवळाच्या पायरीशी असतं, त्याला आपण हात जोडतो. त्याच कासवासाठी 1996मध्ये अमेरिकेनं सांगितलं, की जाळ्यात कासवाला सुटायची खिडकी नसेल तर तुमची कोळंबी नको. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड जागतिक व्यापार संघटनेत गेले. 1998मध्ये निकाल आला. कासव वाचवणं योग्यच, पण नियम सगळ्यांना सारखा लावला नाही, हे अयोग्य. कॅरिबियन भागातल्या देशांना तयारीसाठी तीन वर्षं दिली होती आणि आपल्याला चार महिने! भांडण कासवाचं वाटत होतं, पण भेदभावाच्या मुळाशी मुदतही होती.

पण पुढचंही ऐका. खटला आपण जिंकलो आणि जाळी होती तशीच राहिली. 2019मध्ये भारताच्या समुद्रात पकडलेल्या कोळंबीला अमेरिकेनं पुन्हा दार लावलं, कारण तेच. मधली वीस वर्षं आपल्याला मिळालेली मुदत होती. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं तशी खिडकीही तयार केली होती. ती ट्रॉलरवर चढली नाही. कासव बाहेर पडताना थोडी कोळंबीही बाहेर पडेल, हा हिशेब खलाशाला दिसत होता. दार बंद झाल्यावरचा हिशेब त्याला कोणी मांडून दाखवला नव्हता.

तो मांडून दाखवणं, हे तुमचं काम आहे. तुमच्यात वाणिज्य शिकलेले आहेत, विज्ञान शिकलेले आहेत. सगळ्यांनी निर्यातदार व्हावं असं मी म्हणत नाही. पण आपल्या माणसांना थांबण्याची ताकद मिळवून देता येते. शीतगृह म्हणजे विकत घेतलेले दिवस. आमरसाचा डबा म्हणजे विकत घेतलेली वर्षं. विक्रीच्या करारात जहाजभाडं आणि विमा कोणाकडे आहे, हे सही करण्याआधी वाचणं म्हणजे फुकट मिळालेले दिवस. 2025च्या हंगामापासून देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेनं फळावर स्वतंत्र क्रमांकाचं स्टिकर लावायला सुरुवात केली. कोणा परदेशी अधिकाऱ्यानं सांगितलं म्हणून नव्हे, देवगडच्या नावावर दुसराच आंबा विकला जात होता म्हणून. उद्या एखाद्या देशानं ‘फळ कुठल्या बागेतलं ते दाखवा’ म्हटलं, तर यांची अर्धी तयारी झालेली असेल. बाकीचे चार महिन्यांची मुदत मागत बसतील.

तुमच्यातले बरेच जण चाकरमानी होतील. मीही झालो. मुंबईत असा, दुबईत असा, गावच्या बागेचं एक काम हातात ठेवा. नियम बदलला की तो मराठीत, जमल्यास मालवणीत, दोन ओळींत घरी कळवा. मोहोर येण्याआधी कळवा. पेट्या भरल्यावर कळवलेल्या बातमीचा उपयोग नुसता हळहळण्यापुरता असतो.

शेवटी एकच विनंती. आज तुमच्या हातात एक कागद आला आहे. घरी जाऊन तो चौकटीत लावण्याआधी, इथंच, मांडवात बसून तो नीट वाचा. नाव, आडनाव, जन्मतारीख, एकेक अक्षर. चुकलं असेल तर आजच कार्यालयात जाऊन सांगा. अजून विमान सुटलेलं नाही.