चाकांवरची बारा फूट खोली

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "आयटीवर बोल. एआयमुळे कुणाकुणाच्या नोकऱ्या जाणार, ते सांग." म्हटलं, ते मला माझ्या साहेबांनीही अजून सांगितलेलं नाही. त्यापेक्षा गेली चार वर्षं दर शनिवारी मी काय करते, त्याबद्दल बोलते. ते निदान मला नीट माहीत आहे.

मी इंग्लंडमध्ये लीड्सला राहते. सोमवार ते शुक्रवार बँकांच्या व्यवहारांचं सॉफ्टवेअर लिहिते. शनिवारी जुनी पँट चढवून एका बंद पडलेल्या कापडगिरणीच्या आवारातल्या शेडमध्ये जाते आणि पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या कॅरॅव्हॅन दुरुस्त करते. आम्ही सात जण आहोत. दोन गाड्या पुऱ्या झाल्या, तिसरी सध्या सांगाडा होऊन उभी आहे. पुरी झालेली गाडी वस्त्यावस्त्यांतून फिरते आणि लोक तिथे चित्रं काढतात, छापे घेतात, शिवतात.

कॅरॅव्हॅन म्हटल्यावर माझ्या आईला जुन्या गाण्यांचा तो रेडिओच आठवतो. ही ती नव्हे. ही म्हणजे मोटारीच्या मागे जोडून न्यायची खोली. आत झोपायची बाकं, शेगडी, बेसिन, कपाट. हॉटेलचे पैसे वाचवून समुद्राकाठी सुट्टी घालवायची ही इंग्रजांची जुनी युक्ती. नुसत्या हौसेसाठी अशी गाडी बांधून घेणाऱ्या पहिल्या मंडळींत गॉर्डन स्टेबल्स हे नौदलातले डॉक्टर होते, मुलांसाठी गोष्टी लिहिणारे. १८८५ मध्ये त्यांनी ब्रिस्टलच्या वॅगन कारखान्यातून 'वाँडरर' करून घेतली. तिला घोडे जुंपावे लागत. दुसऱ्या महायुद्धानंतर सॅम अल्पर नावाच्या उद्योजकाने न्यूमार्केटला 'स्प्राइट' या स्वस्त गाड्या काढल्या आणि साध्या पगारदारालाही कॅरॅव्हॅन परवडू लागली. आमची पहिली गाडी स्प्राइटच, १९६०च्या दशकातली. गंमत म्हणजे याच अल्परने उतारवयात, १९९०च्या दशकाच्या शेवटी, स्टॅनली जोन्स या छपाईतल्या उस्तादाबरोबर केंब्रिजजवळ कर्वेन प्रिंट स्टडी सेंटर उभं केलं. तेव्हा त्याच्या गाडीचा आम्ही छापखाना केला, तर त्याला वावगं वाटलं नसतं असं मी धरून चालते.

फिरत्या गाडीत कला नेण्याची कल्पना आमची नाही. जॅन विल्यम्स आणि ख्रिस टीसडेल या कलावंतांनी २००० साली मोहरीच्या रंगाच्या, १९६९च्या कॅरॅव्हॅनमध्ये 'कॅरॅव्हॅन गॅलरी' सुरू केली, ती सगळीकडे फिरली. आणि आपल्याला यात नवल ते काय? जत्रेत ट्रकमधून तंबूचा सिनेमा यायचा, त्याच्या पडद्याच्या मागच्या बाजूला बसून आपल्यातल्या काही जणांनी उलटा सिनेमा बघितलाय. नावं घेत नाही, ते समोरच बसलेत.

आता मुख्य शत्रूबद्दल. पाणी.

या गाड्यांचा सांगाडा लाकडी रिपांचा. बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून हार्डबोर्ड. दोन पत्रे कोपऱ्यात जिथे भेटतात तिथे वरून ॲल्युमिनियमची पट्टी स्क्रूंनी बसवलेली असते आणि तिच्याखाली मॅस्टिक, म्हणजे रंगारी भरतात त्या लांबीसारखा पण कधी पुरता न सुकणारा लगदा. निदान कारखान्यातून निघताना तरी तो न सुकणारा असतो. वीस-तीस वर्षांनी त्याचे पापुद्रे होतात. मग स्क्रूच्या भोकातून पाण्याचा थेंब आत शिरतो, रिपेच्या कडेने चार-पाच फूट प्रवास करतो आणि भलतीकडेच ओल दाखवतो. प्रोग्रॅममध्ये एरर जिथे दिसते तिथे चूक क्वचितच असते. ते वीस वर्षं करून आलेय म्हणून हा भाग मला पहिल्या दिवशी कळला. बाकी काहीच कळलं नाही.

ओल मोजायचं एक लहान यंत्र असतं, दोन सुयांचं. भिंतीला टोचायचं. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर दाखवला की पत्रा उघडायची तयारी ठेवायची. आमच्या स्प्राइटच्या पुढच्या भिंतीला यंत्र लावायची गरजच पडली नाही. बोट आत गेलं.

आमच्यात एक सत्तरीचे गृहस्थ आहेत. हल शहराच्या आसपास कॅरॅव्हॅनचे पुष्कळ कारखाने आहेत, त्यातल्या एकात त्यांनी सारा जन्म सुतारकाम केलं. बोलतात कमी. सडलेली रीप तुकडे होऊ न देता काढायची, पाटावर जुळवून ठेवायची आणि तिच्यावरून नवी कापायची, हे त्यांनी मला शिकवलं. आपल्या वेळी कार्यानुभवाला मुलींना शिवण आणि मुलांना सुतारकाम अशी वाटणी होती. रंधा मी पहिल्यांदा हातात धरला तो बेचाळिसाव्या वर्षी. बाई, शिवणही वाया गेलं नाही, ते पुढे येतंय.

त्यांचे काही नियम आहेत. सिलिकॉन कुठेही लावायचं नाही, कारण एकदा लागलं की त्याच्यावर ना रंग बसतो ना दुसरं काही चिकटतं. जुना रंग कोरडा घासायचा नाही, त्यात शिसं असू शकतं. शेगडीच्या मागचा पांढरा तक्ता हाताने उपटायचा नाही, तो ॲस्बेस्टॉसचा निघू शकतो, आधी तपासून घ्यायचा. टायरवरची नक्षी बघून फसायचं नाही, त्याच्या कडेवरचे चार आकडे वाचायचे. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. उभ्या उभ्या म्हातारा झालेला टायर रस्त्यावर फुटतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कपाट काढायचं नाही. जागा वाढवायची म्हणून आम्ही सगळे त्या मधल्या कपाटाच्या मागे लागलो होतो. ते म्हणाले, "छत त्याच्यावर उभं आहे." या गाड्यांत फर्निचर ही सजावट नसते, भिंतींना ताठ ठेवायचं काम तेच करतं.

आणि तरीही आम्हाला एका भिंतीला मोठी खिडकी पाडायची होती.

ही गाडी आम्हाला एका वृद्ध गृहस्थांनी फुकट दिली होती. त्यांची बायको गेल्यावर ती अंगणात ताडपत्रीखाली पडून होती. बाकाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला त्या बाईंनी पेन्सिलीने यादी लिहून ठेवलेली: गाव, साल, किती मैल, पाऊस पडला की नाही. सव्वीस उन्हाळे. 'पाऊस' या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'हो' आहे, यॉर्कशर म्हणजे काय ते एवढ्यावरून समजा. ते झाकण जसंच्या तसं ठेवायचं यावर आमच्यात वाद नव्हता. वाद खिडकीवरून झाला. अशा गाड्यांची हौस असणारी मंडळी फार कट्टर असतात. मूळचा पत्रा कापणं म्हणजे त्यांच्या लेखी मूर्तिभंजन. आमच्यातल्याही दोघांचं म्हणणं होतं की अशी गाडी पुन्हा मिळणार नाही. माझं मत उलट होतं, आजही आहे. या गाडीला दार एकच, अडीच हातांचं, आणि पायरी गुडघ्याएवढी उंच. ज्यांच्यासाठी ही फिरणार त्यांतल्या निम्म्या बायकांचे गुडघे गेलेले. त्यांनी बाहेर फुटपाथवर उभं राहून आतल्यांचं कौतुक बघायचं असेल, तर मग ती संग्रहालयाला द्यावी.

मालकांना विचारलं. ते म्हणाले, "गाडी तुमची आहे." आणि पाच महिने शेडकडे फिरकले नाहीत.

आम्ही खिडकी पाडली. वर नवी तुळई, दोन्ही बाजूंना खांब, खाली फळी उघडली की टेबल होईल अशी रचना. गॅसची शेगडी आणि जुना गॅसचा दिवा काढून टाकला, बॅटरीवरचे दिवे लावले. चासी, ब्रेक आणि हुक तपासून घेतलं. ओढणाऱ्या मोटारीचाच नंबर मागे लावायचा, साध्या रस्त्याला ताशी ५० मैलांच्या वर जायचं नाही, जड सामान चाकांच्या वर आणि खाली ठेवायचं, नाहीतर गाडी मागे सापासारखी हलते. एवढं झालं की निघायचं.

आम्ही आत काय करतो? आमच्यातली चित्रकार निळे छापे करते. सायनोटाइप म्हणतात. जॉन हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने १८४२ मध्ये ही रीत शोधली आणि पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स या बाईंनी समुद्रशैवालांचे असे छापे घेऊन पुस्तक काढायला सुरुवात केली. लोखंडाचे दोन क्षार पाण्यात कालवून कापडाला लावायचे, अंधारात वाळवायचे. वर एखादी वस्तू ठेवून उन्हात धरायचं. ऊन लागलेला भाग पाण्यात धुतल्यावर गडद निळा होतो, वस्तूखालचा पांढरा राहतो. इंजिनिअर लोकहो, तुमच्या ब्लू प्रिंटचा जन्म यातूनच. पिवळे पडदे, बेसिन आणि पाण्याची टाकी असलेली कॅरॅव्हॅन या कामाला जणू बेतूनच केली आहे.

ब्रॅडफर्डला एका वस्तीत दुकानांच्या पार्किंगमध्ये गाडी उभी होती. तिथे मीरपूरकडच्या बायका पुष्कळ. त्यांचं पहाडी, माझं हिंदी, काम भागतं. कुणी लाटणं आणलं, कुणी बांगड्या, एकीने कारल्याचा वेल. एक सत्तरी ओलांडलेल्या आजी वॉकर घेऊन आल्या. चाळीस वर्षं त्या गावात राहतात. कार्टराइट हॉल हे तिथलं कलादालन त्यांच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, पण आत कधी गेल्या नव्हत्या. खिडकीच्या फळीवर त्यांनी एक लांब लोखंडी किल्ली ठेवली. म्हटलं, कशाची? म्हणाल्या, "घराची. घर पाण्यात आहे."

मंगला धरण. १९६७ मध्ये पुरं झालं. लाखाहून जास्त माणसं उठली, जुनं मीरपूर बुडालं आणि त्यांतले कितीतरी जण इथल्या गिरण्यांत कामाला आले. पाणी उतरलं की जुन्या गावाचे अवशेष अजून वर येतात. मला हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही. कोयनेचं पाणी चढलं तेव्हा ज्यांच्या आजोबांचं गाव गेलं, अशी मुलं आपल्या वर्गात माझ्या शेजारच्या बाकावर होती. पुनर्वसनाच्या गावातून सायकलने यायची. आपण तेव्हा त्यांना त्याबद्दल एक शब्दही विचारला नव्हता, विचारायचं असतं हे कोणाला सुचलंही नव्हतं.

त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं. किल्लीला चाळीस मिनिटं लागली. आजी तेवढा वेळ वॉकरच्या सीटवर बसून राहिल्या आणि कापडावर कुणाची सावली पडू दिली नाही. धुतल्यावर किल्ली पांढरी स्वच्छ उमटली. त्यांनी ती वाचावी तशी बघितली, मग म्हणाल्या, दात उलट्या बाजूला आलेत. खरंच आले होते, किल्ली पालथी ठेवली गेली होती. दुसऱ्या महिन्यात त्या किल्ली घेऊन परत आल्या आणि सुलटी छापून घेतली. तो दुसरा छापा त्यांनी घरी नेला. पहिला आमच्याकडे आहे, ऐंशी-नव्वद तुकडे जोडून केलेल्या गोधडीत. गोधडीचा धावदोरा माझ्या हातचा आहे, बाई. टाके समान आहेत, वाटलं तर मोजून बघा, फोटो आणलाय.

मालक नोव्हेंबरात आले. त्या दिवशी पाऊस होता, छापे बंद, नुसती शिवण चालू होती. ते छत्री घेऊन बराच वेळ खिडकीसमोर उभे राहिले. पन्हळीसाठी आमच्याकडे पैसे उरले नव्हते, त्यामुळे छतावरच्या पागोळ्या नेमक्या शिवणाऱ्या बायकांच्या मनगटांवर पडत होत्या. ते एवढंच म्हणाले, "इथून पाणी आत जाणार." पुढच्या शनिवारी ॲल्युमिनियमची पन्हळ घेऊन आले, स्वतः बसवली, दोन्ही टोकांना थोडा उतार दिला. खिडकी त्यांना आवडली की नाही, ते मला आजतागायत कळलेलं नाही. बाकाचं झाकण मात्र त्यांनी उघडून बघितलं आणि खिशातून पेन्सिल काढून खाली एक ओळ घातली: ब्रॅडफर्ड, साल, ९ मैल, पाऊस: हो.

माझी वेळ संपत आली, सर घड्याळाकडे बघतायत. एक शेवटचं. काळ्या कागदात गुंडाळून मी चाळीस कापडं तयार करून आणली आहेत. जेवणानंतर मैदानावर या, सोबत खिशातली नाहीतर पर्समधली एखादी वस्तू आणा. इथल्या उन्हात आठ-दहा मिनिटं पुरतील. बोअरिंगच्या नळाजवळ दोन बादल्या ठेवल्या आहेत. नुसत्या पाण्याने धुवायचं, साबण किंवा सोडा कुणी लावायचा नाही, निळा रंग उडून जातो.