पिलांचे जंत

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. त्या काळी कामगारांच्या वस्त्या उभ्या राहिल्या, त्यांची आठवण कॅम्प-१ या नावात अजून टिकून आहे. छावणी उठली, वस्ती राहिली, आणि नाना प्रांतांची माणसे तेथे भिंतीला भिंत लावून नांदू लागली. अशा दाट वस्तीतली कुत्री कोणा एका घरची नसते, ती साऱ्या गल्लीची असते. पावसाळा सरून थंडी पडू लागली की एखाद्या ओट्याच्या आडोशाला ती विते, आणि मुलांच्या आनंदाला पारावार राहत नाही.

परंतु तीन-चार आठवड्यांत त्या आनंदाला दृष्ट लागते. पिलाचे पोट नगाऱ्यासारखे फुगते, केस राठ होतात, बरगड्या मोजता येतात. एके सकाळी ते ओकते आणि त्यात शेवयांसारखे पांढरे जंत वळवळताना दिसतात. वडीलधारी माणसे मुलांनी पाजलेल्या दुधाला दोष देतात. दुधाला दोष देण्यात सत्य आहे खरे, पण ते निराळ्या दुधाबाबतीत.

गोलकृमींच्या सूक्ष्म अळ्या कुत्रीच्या मांसात वर्षानुवर्षे सुप्त पडून असतात. ती गाभण राहिली की त्या जाग्या होतात आणि वारेतून गर्भात शिरतात. काही पुढे आईच्या दुधावाटे जातात. म्हणजे पिलू जन्माला येते तेच जंतांचा वारसा घेऊन. रक्त पिणारे अंकुशकृमीही दुधातूनच येतात. त्यांनी ग्रासलेल्या पिलाच्या हिरड्या पांढऱ्या पडतात, शौचाला डांबरासारखे काळे होते, आणि विष्ठेत अंडी दिसू लागण्यापूर्वीच ते दगावू शकते. पट्टकृमींची वाट तिसरीच आहे. पिसू चावून गिळली की ते पोटात जातात.

हे दुखणे पिलापाशी थांबत नाही. विष्ठेतून पडलेली गोलकृमींची अंडी ताजी असताना बाधत नाहीत. ओलसर, सावलीच्या मातीत दोन ते चार आठवडे मुरल्यावर ती बाधक होतात आणि पुढे कित्येक महिने तग धरतात. मातीत खेळून तोच हात तोंडात घालणाऱ्या मुलाच्या शरीरात त्यांच्या अळ्या यकृतात, फुप्फुसात, क्वचित डोळ्यातही भटकतात. अमेरिकेतील बीव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली मुलांमधील या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. अंकुशकृमींच्या अळ्या तर अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. तेव्हा पिलाला कुरवाळण्यापेक्षा महिनाभर न झाडलेला कोपरा अधिक धोक्याचा, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

चरकसंहितेत कृमींवर तीन उपाय सांगितले आहेत: अपकर्षण, म्हणजे कृमी बाहेर काढणे, प्रकृतिविघात, म्हणजे त्यांना पोषक अशी परिस्थिती मोडणे, आणि निदानपरिवर्जन, म्हणजे मूळ कारण टाळणे. आजही याहून वेगळा क्रम सांगता येणार नाही. पहिल्या उपायासाठी पायरँटेलसारखी औषधे आहेत. ती पशुवैद्याच्या सल्ल्याने, पिलाचे वजन करून, दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला आठव्या आठवड्यापर्यंत द्यावयाची, पुढे सहा महिन्यांचे होईपर्यंत महिन्यातून एकदा. पोट फुगण्याची वाट पाहणे म्हणजे उशीर करणे. पिलांबरोबर आईलाही औषध मिळाले पाहिजे. मात्र तिच्या मांसातील सुप्त अळ्यांपर्यंत नेहमीची मात्रा पोहोचत नाही. म्हणून पुढच्या वेतातही हाच क्रम पुन्हा पाळावा लागतो. वावडिंग आणि पळसबीज ही माणसांच्या जंतांवरची जुनी औषधे. परंतु पंधरा दिवसांच्या पिलावर त्यांचा प्रयोग करू नये.

उरलेले दोन उपाय औषधाच्या दुकानात मिळत नाहीत. ओट्याखालची जागा कोरडी ठेवणे, तेथे ऊन पोहोचू देणे, पिसवांचा बंदोबस्त करणे, विष्ठा रोजच्या रोज उचलणे, आणि मुलांना पायांत चप्पल घालून जेवणापूर्वी हात धुण्याचे वळण लावणे, एवढेच ते आहेत. एका घराने ते पाळून भागत नाही. कारण कुत्री साऱ्या गल्लीची असते, तशी मातीही साऱ्या गल्लीची असते. ज्या गल्लीने पिलांना भाकर घातली, तिने त्यांच्या औषधाची वर्गणी आणि अंगणाचा झाडू वाटून घेतला, तर पिले जगतील आणि त्यांच्याशी खेळणारी मुलेही निर्धास्त राहतील.