किरणोपचार आणि शरीराची प्रतिकारशक्ती : नव्या जैवपदार्थांचा दुवा

(पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्या मेळाव्यात एका डॉक्टरांनी केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

कर्करोगावरील किरणोपचारांना आपल्या गावांतून ‘शेक देणे’ असे म्हणतात. गाठ जाळून टाकणे एवढाच या शब्दाचा बोध होतो आणि बराच काळ वैद्यकाचीही समजूत याहून फारशी वेगळी नव्हती. विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला, तेव्हापासून किरण जेथे पडतील तेथेच त्यांचा परिणाम होणार, असे गृहीत धरले जात होते. तथापि, क्वचित एखाद्या रुग्णात एका जागी किरण दिले असता दूरच्या, किरण न लागलेल्या गाठीही आकसत. ब्रिटनमधील आर. एच. मोल यांनी १९५३ मध्ये अशा दूरस्थ परिणामास ‘अ‍ॅबस्कोपल’ हे नाव दिले.

हे कसे घडते? किरणांनी कर्कपेशी फुटते तेव्हा तिचे अंतरंग उघडे पडते. शरीरातील रक्षक पेशी त्यातील खुणेचे तुकडे, म्हणजे प्रतिजने, उचलतात, जवळच्या लसीका ग्रंथीत नेतात आणि तेथील टी-पेशींना शत्रूची ओळख पटवून देतात. ओळख पटलेल्या टी-पेशी मग शरीरभर त्याचा शोध घेऊ लागतात. मेलेली कर्कपेशी अशा रीतीने लसीचेच काम करते. परंतु बहुतेक वेळा हा धडा अपुरा राहतो, कारण कर्करोग टी-पेशींना लगाम घालतो.

हा लगाम सोडविण्याची युक्ती शोधल्याबद्दल अमेरिकेचे जेम्स अ‍ॅलिसन व जपानचे तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यापूर्वीच, २०१२ मध्ये, न्यूयॉर्क येथील डॉक्टरांनी एक उदाहरण प्रसिद्ध केले होते. त्वचेच्या मेलॅनोमा या कर्करोगाच्या एका रुग्णास लगाम सोडविणारे औषध चालू असताना पाठीच्या कण्याजवळील गाठीवर किरण देण्यात आले, आणि इतरत्र असलेल्या गाठीही ओसरल्या. साहजिकच दोन्ही उपचारांची सांगड घालण्याचे प्रयत्न वाढले.

या प्रयत्नांचे फळ संमिश्र आहे. शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या, तिसऱ्या अवस्थेतील फुप्फुसाच्या कर्करोगात किरणोपचार व रसायनोपचारानंतर दुर्वालुमॅब हे औषध दिले असता पाच वर्षांनी सुमारे ४३ टक्के रुग्ण हयात होते. औषध न दिलेल्या गटात हे प्रमाण ३३ टक्के होते. याउलट डोके व मान यांच्या कर्करोगात किरणोपचारांबरोबरच अ‍ॅवेलुमॅब हे तशाच जातीचे औषध देऊन पाहिले असता, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, लाभ दिसला नाही. यावरून एक गोष्ट उघड होते. दोन चांगले उपचार नुसते एकत्र केल्याने भागत नाही. कोणती गोष्ट कोठे, केव्हा आणि किती पोहोचते याला महत्त्व आहे.

नेमक्या याच कामी जैवपदार्थ उपयोगी पडतील, अशी शास्त्रज्ञांना आशा आहे. जैवपदार्थ म्हणजे शरीरास अपाय न करता आत राहून नेमून दिलेले काम करणारा पदार्थ. शस्त्रक्रियेनंतर आपोआप विरघळणारे टाके हे त्याचे परिचित उदाहरण होय.

अशाच विरघळणाऱ्या बहुलकापासून अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील संशोधकांनी अतिसूक्ष्म कण तयार केले. किरणोपचारानंतर गाठीत सोडलेले हे कण मेलेल्या पेशींची प्रतिजने स्वतःस चिकटवून घेतात व रक्षक पेशींपर्यंत पोहोचवितात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगात किरण, लगाम सोडविणारे औषध आणि हे कण यांनी मिळून सुमारे २० टक्के उंदीर रोगमुक्त झाले. कण न दिलेल्यांपैकी एकही झाला नाही.

दुसरा मार्ग ठिबक सिंचनाची आठवण करून देणारा आहे. चीनमधील सूचाऊ विद्यापीठात समुद्रशैवालापासून मिळणाऱ्या अल्जिनेटचा द्राव गाठीत टोचण्यात आला. शरीरातील कॅल्शियममुळे तो तेथेच थिजतो. त्यात किरणोत्सारी आयोडीन जोडलेले कॅटालेज हे विकर आणि प्रतिकारशक्ती चेतविणारा घटक मिसळलेला होता. गाठीत प्राणवायू कमी असला की किरणांचा प्रभाव मंदावतो. कॅटालेज तेथील हायड्रोजन पेरॉक्साइडपासून प्राणवायू मोकळा करते. औषध जागेवरच राहते, शरीरभर वाहून जात नाही. हे प्रयोगही प्राण्यांवरचेच आहेत.

तिसरा पदार्थ मात्र रुग्णांपर्यंत पोहोचला आहे. हाफ्नियम ऑक्साइडचे कण इतके बारीक असतात की एका मिलिमीटरमध्ये सुमारे वीस हजार कण ओळीने मावतील. ते जड मूलद्रव्याचे असल्याने किरणांची ऊर्जा अधिक शोषतात. त्यामुळे गाठीच्या आत मारा वाढतो. मऊ ऊतींच्या सार्कोमा या कर्करोगात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, गाठ जवळजवळ पूर्णपणे मृत झाल्याचे प्रमाण ८ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर गेले. प्रतिकारशक्तीच्या औषधांबरोबरही या कणांच्या चाचण्या हाती घेण्यात आल्या आहेत.

आपल्या दृष्टीने खर्चाचा प्रश्न मोठा आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी, पूर्ण बरा होण्याची शक्यता न उरलेल्या डोके व मानेच्या कर्करोगात, निवोलुमॅब हे औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी प्रमाणात, तोंडाने घ्यावयाच्या औषधांबरोबर दिले. एक वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. या चाचणीत किरणोपचारांचा भाग नव्हता. परंतु थोड्या औषधानेही काम होऊ शकते, हे तिने दाखवून दिले. औषध गाठीतच टिकवून धरणारे जैवपदार्थ सिद्ध झाले, तर हाच विचार पुढे नेता येईल.

मित्रहो, ‘सिद्ध झाले तर’ हे शब्द मी जाणूनबुजून वापरले. उंदीर बरा झाला म्हणजे माणूस बरा झाला, असे नव्हे. ‘नॅनो’ या नावाने कोणी चूर्ण वा काढा विकू लागला, तर त्याचा आणि या संशोधनाचा काहीही संबंध नाही, हे गावात स्पष्ट सांगणे आपले काम आहे.

आणखी एक काम याहून निकडीचे आहे. तोंडाच्या वा घशाच्या कर्करोगात आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे साधारण सहा-सात आठवडे किरणोपचार चालतात. सुगी येते, मजुरी बुडते, शहरात राहण्याची सोय नसते आणि रुग्ण अर्ध्यावर परततो. मध्येच खंड पडला की उरलेल्या कर्कपेशींना पुन्हा वाढण्यास अवसर मिळतो. उद्याचे सारे जैवपदार्थ याच किरणोपचारांच्या पायावर उभे राहणार आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचारांचा समावेश आहे. तिची कागदपत्रे वेळेवर करून देणे, रुग्णाच्या शेताची कामे शेजाऱ्यांनी वाटून घेणे, बाहेरून किरण घेतलेला माणूस घरातल्या कोणास अपायकारक नसतो हे शाळेत व चावडीवर समजावून देणे, यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. नवे शास्त्र येईल तेव्हा येईल. आज हाती असलेला उपचार आपल्या गावातील एकही रुग्ण अर्धवट सोडणार नाही, एवढे आपण निश्चित करू या.