नाबोथ नाही म्हणाला



मला विषय दिला आहे ‘देवावर भरवसा आणि समाधानी जीवन’. पत्रिकेत त्याच्याभोवती फुलांची महिरप छापली आहे. विषय ठरवणाऱ्यांना वाटले असेल, बाई निवृत्त शिक्षिका आहेत, अर्धा तास गोड बोलतील, मग जेवण. जेवण वेळेवर होईल. गोड बोलण्याचे तेवढे जमणार नाही, कारण हा विषय आपल्या वसईत गेली तीस-पस्तीस वर्षे ज्या कामासाठी राबवला जातो आहे, ते काम मला मंजूर नाही.

ते काम म्हणजे लोकांना गप्प बसवणे. विहिरीचे पाणी मचूळ झाले? देवाची इच्छा. पावसाळ्यात घरात कंबरभर पाणी शिरले? देव बघेल. वाडीला लागून सात मजले चढले आणि सांडपाणी वाडीत सोडले? जाऊ दे, देवाने काय कमी दिलेय आपल्याला! आणि हे सांगतो कोण? ज्याच्या घरी चोवीस तास पाणी आहे तो. समाधान ही आपल्याकडे नेहमी दुसऱ्याला सांगायची गोष्ट झाली आहे.

संत पौलाचा दाखला मला लगेच देऊ नका. भरपूर असताना आणि काहीच नसताना, दोन्हींत समाधानी राहायला मी शिकलो, असे पौलाने फिलिप्पैकरांना कळवले, हे मला ठाऊक आहे. पण त्याने ते लिहिले कुठून? बंदिवासातून. आणि कोणाविषयी? स्वतःविषयी. त्याच पत्रात त्या लोकांनी पाठवलेल्या मदतीबद्दल तो त्यांचे आभार मानतो. उपाशी माणसाला समाधानी राहा म्हणून वाटेला लावण्याचे काम त्या पत्रात कुठेही नाही. तीच गत मत्तयच्या सहाव्या अध्यायाची. आकाशातली पाखरे, रानातली फुले, उद्याची चिंता करू नका, हे आपल्याला तोंडपाठ. त्याच्या नेमके आधी येशूने बजावले आहे की देव आणि पैसा या दोन धन्यांची चाकरी एकाच वेळी होत नाही. आपण वाचायला सुरुवात करतो ती पाखरांपासून. आदल्या ओळीला टांग!

मला आज वेगळ्याच माणसाविषयी बोलायचे आहे. तो आपल्यासारखाच वाडीवाला. त्याचे नाव नाबोथ, गाव इज्रेल. राजवाड्याला लागून त्याचा द्राक्षमळा होता. अहाब राजाला तो भाजीपाल्यासाठी हवा होता. राजाने दांडगाई केली नाही, हे लक्षात घ्या. व्यवहारच मांडला: याहून चांगला मळा देतो, नाहीतर रोख घे. आजचा बिल्डर याहून वेगळे काय बोलतो? नाबोथ म्हणाला, वाडवडिलांचे वतन मी देणार नाही. विषय संपला. राजा घरी जाऊन तोंड फिरवून पलंगावर पडला, जेवेना. मग राणी ईजबेलीने दोन खोटे साक्षीदार उभे केले, गावच्या वडीलधाऱ्यांना पत्रे पाठवली, देवनिंदेचा आळ घातला, आणि नाबोथाला गावाबाहेर नेऊन दगडांनी मारले. सगळे रीतसर, कागदोपत्री.

आता सांगा, या गोष्टीत समाधानी कोण? सगळे राज्य असून पलंगावर रुसून पडलेला राजा? नाही. समाधानी होता नाबोथ, म्हणून तर त्याला नाही म्हणता आले! ज्याला आपले आहे ते पुरते, त्याला विकत घेता येत नाही. मला माहीत असलेले ख्रिस्ती समाधान हे असे आहे. ती अंगावर ओढून झोपायची गोधडी नाही. आणि भरवशाचे म्हणाल तर नाबोथाला मारल्यावर एलीया संदेष्टा राजाच्या तोंडावर बोलायला गेला तो देवाच्या भरवशावर गेला. घरी बसून राहायला त्याला भरवसा लागला नव्हता.

आपल्याकडेही नाबोथ होऊन गेले. 1988 नंतर वसईचा हिरवा पट्टा बांधकामाला मोकळा करण्याचे घाटले, 1990 मध्ये सिडकोला नियोजनाचे अधिकार दिले, तेव्हा या गावांतून माणसे उभी राहिली. हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. नंदाखालच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंना तेव्हा धमक्या आल्या, आणि ‘धर्मगुरूने मिस्सा म्हणावी, जमिनीच्या भानगडीत पडू नये’ हा शहाणपणाही शिकवला गेला. शिकवणारे परके नव्हते, या सभागृहात बसायच्या लायकीचे आपलेच होते. 1983 ते 2007 ‘सुवार्ता’ मासिक चालवताना फादरांनी पाण्यावर, जमिनीवर, हिंसेवर लिहिले. पुढे 2020 मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांच्या निवडीवर गदारोळ करणाऱ्यांचा आपल्याला राग आला. यावा. पण ते गेल्यावर 2024 च्या जुलैत त्यांच्यासाठी रडलेल्या कितीजणांनी आपले बावखल शाबूत ठेवले आहे?

आता बावखलाकडे येते, कारण इथे आरोपी बाहेरचा नाही.

नव्या पिढीतल्या ज्यांनी पाहिले नसेल त्यांना सांगते. बावखल म्हणजे वाडीच्या कडेला हाताने खणलेले गोड्या पाण्याचे तळे. पावसाचे पाणी त्यात साठायचे, जमिनीत मुरायचे, आजूबाजूच्या विहिरींना पुरायचे, आणि समुद्राचे खारे पाणी आत घुसू न देता रेटून धरायचे. केळी, नागवेल, मोगरा, भाजी, सगळे या पाण्यावर. दादरच्या बाजारात पहाटे पोचणारी वसईची भाजी या पाण्याची. ते बुजते कसे, हे मी पाहिले आहे. आधी नारळाच्या झावळ्या आणि घरचा कचरा टाकतात. वर्षभराने म्हणतात, डास फार झाले. मग रात्री डंपर येतो, पाडलेल्या इमारतींचे राबीट ओतून जातो. त्यावर लाल माती. एक पावसाळा बसू देतात. मग चार खांब, पत्र्याची शेड, आणि शेडच्या जागी एके दिवशी प्लिंथ. महापालिका नको, सिडको नको, राजा अहाबही नको. मालक स्वतःच राजा, स्वतःच नाबोथ, स्वतःच खोटा साक्षीदार!

आणि जुलै 2018 मध्ये वसई पाण्याखाली गेली, लोकल बंद पडली, मिठागरात माणसे अडकून पडली, तेव्हा आपण देवाला विचारले की हे आमच्यावर का? देवाने उत्तर द्यायचे ठरवले असते तर फार मोठे भाषण झाले असते.

व्यासपीठावरून चिठ्ठी आली आहे, ‘विषयाला धरून बोलावे’. धरूनच बोलते आहे. उलट आणखी जवळ जाते.

ही जमीन विकली जाण्याआधी आपल्या घरांत एक विधी होतो. जेवणाच्या टेबलावर प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद निघतात. बहिणी बोलावलेल्या असतात, एखादी डहाणूहून, एखादी बांद्र्याहून. वहिनी चहा ठेवते. भाऊ पेनचे टोपण काढून देतो आणि म्हणतो, “बाय, सही करून टाक. तुला देवाने काय कमी केलेय? तुझा नवरा चांगला, मुले शिकली.” हक्कसोड! अर्ध्या तासात सगळे आटोपते. भिंतीवरचा येशू सगळे बघत असतो. बहीण सही करते, कारण तिला माहेर हवे असते; सही नाकारली तर सणाला बोलावणे येणार नाही, हे तिला न सांगता कळते. त्या टेबलावर ‘समाधान’ या सद्गुणाचा जो उपयोग होतो, त्याला मी चोरी म्हणते.

कायदा काय म्हणतो? भारतीय उत्तराधिकार कायदा 1925 चा. मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती मुलाला आणि मुलीला सारखाच वाटा. केरळातल्या मेरी रॉय यांना जुन्या त्रावणकोरच्या कायद्याशी झगडून 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयातून हा हक्क मिळवावा लागला. वसईच्या लेकीला तो बसल्या जागी मिळालेला होता. बायबल म्हणाल तर सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे, सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आमच्या बापाचे वतन आम्हाला द्या. मोशेने देवाला विचारले. देवाने त्यांना समाधानी राहायला सांगितले नाही. मुलींचे म्हणणे रास्त आहे, असे सांगितले. गणनाच्या पुस्तकात आहे, सत्ताविसावा अध्याय. त्यावर प्रवचन ऐकल्याचे ज्यांना आठवते त्यांनी मला जेवताना भेटावे.

पंडिता रमाबाईंचे नाव आपण भरवशाचे उदाहरण म्हणून घेतो. दुष्काळात आई, वडील, बहीण गमावलेली ही बाई. तिने देवावर भार टाकला, खरेच टाकला. पण केडगावला विहिरी खणून घेतल्या, शेती केली, छापखाना काढला. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन निराधार मुली घेऊन आली. पुण्यातल्या प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांची कशी आबाळ होते, हे 1897 मध्ये वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहून तिने सरकारला सुनावले. तिची प्रार्थना आपण घेतली, पत्र घेतले नाही.

आता दयेचे. इथे मी तुमच्यातल्या माझ्या मित्रांनाही दुखावणार आहे, हिरव्या वसईसाठी माझ्याबरोबर मोर्चात चाललेल्यांना.

2025 च्या सुरुवातीला नालासोपारा पूर्वेला 41 बेकायदा इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडून संपवल्या. जागा सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव होती. सुमारे अडीच हजार कुटुंबे रस्त्यावर आली. ऑगस्टमध्ये विरारला एका बेकायदा इमारतीचा भाग शेजारच्या चाळीवर कोसळला, 17 जण गेले. पहिल्या बातमीवर आपल्या गावांत काय बोलले गेले? “बरे झाले, गर्दी कमी झाली.” मी स्वतःच्या कानांनी ऐकले, मिस्सेनंतर, चर्चच्या अंगणात. तोंडातला प्रसाद विरघळला नसेल अजून!

त्या माणसांनी राखीव जमीन हडपली नव्हती. कोणी खोटे कागद केले, कोणी पैसे घेऊन डोळे मिटले, कोणी सदनिका विकून निघून गेले. यांनी गावाकडची शेती मोडून, हप्ते भरून घर घेतले, आणि बुलडोझर नेमका त्यांच्यावर आला. न्याय झाला म्हणता? सर्वात दुबळ्याला पकडून थांबलेला न्याय अर्धा असतो. आणि तुम्ही तिथे ब्लँकेटे वाटलीत त्या दयेचेही तेच. ब्लँकेट द्या, जरूर द्या, थंडी होती. पण कागद कोणी केले, हे विचारायला आपल्यातले कोण गेले? मीखा संदेष्टा न्याय आणि दया एका दमात मागतो. आपण दया रविवारी करतो आणि न्याय कोर्टावर सोडतो.

शिवाय आपला स्वतःचा नळ. धामणीचे धरण सूर्या नदीवर बांधले ते डहाणू-पालघरकडच्या आदिवासींच्या शेतीसाठी. त्यातले पाणी आज वसई-विरारच्या नळांना येते. मुंबईने वसईला लुबाडले, असे आपण सांगत फिरतो. खरेच आहे. पण वाडीत कामाला येणाऱ्या वारली बाईच्या गावाच्या शेताला ते पाणी पोचते का, हा प्रश्न आपल्या एकाही मोर्चाच्या फलकावर मी वाचला नाही. न्याय आपल्याला वरच्याकडून हवा असतो, खालच्याला द्यायचा म्हटला की समाधानाचे प्रवचन सुरू.

जेवणाचा वास येऊ लागला, थांबते. शेवटच्या सत्रात ठराव वाचले जातील. मी तीन पाठवले होते. पर्यावरणाविषयीचा आणि मराठी शाळांविषयीचा असे दोन संयोजकांनी घेतले, तिसरा ‘वादग्रस्त’ म्हणून गाळला. या सभेची अध्यक्षा म्हणून तो मी आत्ताच मांडते: “ज्याने आपले बावखल बुजवले, किंवा बहिणीला वाटा न देता वडिलोपार्जित जमीन विकली, त्याच्या देणगीचा फलक आपल्या कोणत्याही चर्चच्या, शाळेच्या वा सभागृहाच्या भिंतीवर लावू नये, आधी लागला असेल तर उतरवावा.”

सूचक मी. अनुमोदन कोण देतो? हात वर करू नका, उभे राहा, म्हणजे मागच्यांनाही दिसेल.