जागा धरून बसलेले जंतू



पाऊस लागला, वारणा गढूळली, की आपल्या बत्तीस शिराळ्याकडं जुलाबाच्या तक्रारी सुरू होतात. मग आजी ताकभात पुढं करते. ताकातले जंतू पोटात जाऊन करतात तरी काय?

आतड्याचं अस्तर म्हणजे पेशींचा एकच थर. पेशी एकमेकींना प्रथिनांच्या सांध्यांनी जखडलेल्या, वर बुळबुळीत श्लेष्मा. ई. कोलाय नावाच्या जीवाणूच्या काही जाती पेशीला चिकटतात, सांधे सैल करतात, आणि मग शरीरातलं पाणी आणि क्षार निसटायला लागतात. चिकटायला जागाच मिळाली नाही तर? एस.टी.त खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसे लॅक्टोबॅसिलस प्लँटेरमसारखे जीवाणू आधीच बसलेले असले, की मागून आलेला उभाच राहतो आणि पुढच्या थांब्यावर मुकाट उतरतो. शिवाय हे जीवाणू लॅक्टिक आम्ल सोडतात. ते पुष्कळ रोगजंतूंना सोसत नाही. काही जाती तर पेशींकडून जादा श्लेष्माही बनवून घेतात.

हे झालं प्रयोगशाळेतलं. खेड्यात काय? डॉ. पिनाकी पाणिग्रही यांच्या गटानं ओडिशातल्या गावांमध्ये साडेचार हजारांवर नवजात बाळांवर चाचणी केली. निम्म्यांना सात दिवस प्लँटेरम, सोबत त्या जीवाणूंचं खाद्य म्हणून एक शर्करा. रक्तातला जंतुदोष किंवा मृत्यू, हे प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. २०१७ साली हे प्रसिद्ध झालं. मला ही आपल्या देशातली फार मोलाची चाचणी वाटते.

पण लगेच दह्याचा जयजयकार नको. ती निवडलेली, मोजून दिलेली जात होती. आपलं विरजण शेजारणीकडून आलेलं. त्यात कोण किती, कुणी मोजलंय? आणि जुलाब लागल्यावर दिलेल्या प्रोबायोटिकचा, म्हणजे अशा उपकारक जीवाणूंच्या औषधाचा, २०१८च्या अमेरिका आणि कॅनडातल्या दोन मोठ्या चाचण्यांत, मुलांना काही उपयोग दिसला नाही. कढी उकळलीत तर जीवाणू मेलेच, उरली ती चव.

तेव्हा ताक जेवणात जरूर घ्या. पण मुलाला जुलाब लागले, तर आधी ओआरएसची पुडी, तीही पुडीवर लिहिलेल्या मापाच्याच स्वच्छ पाण्यात. आणि आरोग्य केंद्रातून जस्ताच्या गोळ्या. जुलाब दोन दिवसांत थांबले, तरी गोळ्या सांगितल्यात तेवढे दिवस द्यायच्या. बाळ अंगावर पीत असेल, तर पाजणं चालूच ठेवा. डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, तर ताकाची वाटी बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठा.